आधी चार रात्री बाहेर काढा

मुलुंडहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१. घरात पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची आई. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्कॉर्पिओ-एन घेतली, डिझेल, ऑटोमॅटिक, फोर-व्हील-ड्राइव्ह. घरात गाडी ही एकच. रोज जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) अंधेरीला कामावर, आठवड्यातून दोनदा आईला फिजिओथेरपीला, मधूनच मुलांच्या शाळेला. रात्री ती सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगमध्ये लागते. कॅम्पिंग आजवर एकदाच झालं, पवना धरणाच्या काठी, तिथल्या लोकांनी आधीच लावून ठेवलेल्या तंबूत. आता एका गॅरेजने त्यांना ४ लाख ६० हजारांचा अंदाज दिला आहे. त्यात दोन इंची लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी वर उचलणं), २६५/६५ मापाचे मड-टेरेन टायर, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी), छतावर रॅक, त्यावर रूफटॉप तंबू आणि लाइट बार आहे. मुलीला काजवे पाहायचे आहेत, त्यांना स्वतःला कोकणात किनाऱ्यावर मुक्काम करायचा आहे आणि कधीतरी हिमाचलमधल्या स्पितीला जायचं आहे. पत्नीचा विरोध आहे. ती म्हणते, "गाडी पाचजणांची आहे." त्यांचे प्रश्न दोन: ही कामं एकदम करावीत की टप्प्याटप्प्याने, आणि बायकोला कसं पटवावं?

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना टायरचं माप, लिफ्टची उंची, विंच यांतच अडकलो, कारण हा विषय मलाही जवळचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना एक वाक्य टोचलं. तुम्ही लिहिलंय, "गाडी तयार झाली की मग दर महिन्याला बाहेर पडायचं ठरवलंय." दोन वर्षं गाडी दारात आहे, मुलगी सात वर्षांची होती ती नऊची झाली, आणि बाहेर काढलेली रात्र एक. त्या एका रात्रीत गाडी कुठे कमी पडली, हे तुमच्या पत्रात नाही. कारण ती कमी पडलीच नव्हती. पवन्याला तुम्ही डांबरी रस्त्याने गेलात आणि तसेच परत आलात.

म्हणून "एकदम की टप्प्याटप्प्याने" याचं उत्तर देण्याआधी मला विचारू द्या: तुम्हाला जायचंय त्या तीन ठिकाणी नेमकं काय आडवं येणार आहे?

भंडारदरा घ्या. मुलुंडहून माजिवडा, भिवंडी बायपास, कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथून शेंडी. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापर्यंत साध्या हॅचबॅक गाड्या जातात. स्पितीचं नाव ऐकून छाती दडपते खरी, पण हंगामात काझापर्यंत, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावापर्यंत, हिमाचलची सरकारी बस जाते, खिडकीत पिशव्या आणि कोंबड्या घेऊन बसलेल्या माणसांसह. तिथे कस लागतो तो उंचीवर दम न लागू देता हळूहळू चढण्याचा, लहान मुलाला सांभाळण्याचा, आणि पंक्चर झालं तर स्टेपनी बदलता येण्याचा. तुमच्या गाडीला खाली वेगळी मजबूत फ्रेम आहे, कमी वेगात जास्त जोर देणारा लो-रेंज गिअर आहे, मागे लॉक होणारा डिफरन्शिअल (दोन चाकांत जोर वाटणारे गिअर) आहे. यातलं फोर-लो, म्हणजे चारही चाकांना लो-रेंजमधून जोर, तुम्ही आजवर एकदा तरी वापरलंत का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून विचारतो.

आता गॅरेजच्या यादीकडे येऊ. तुमच्या गाडीचे मूळ टायर २५५/६० आर १८ आहेत, म्हणजे उभा व्यास साधारण ७६३ मिलिमीटर. २६५/६५ टाकले तर तो ८०२ च्या आसपास जातो. गाडी वर उचलली जाते ती या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे १९ मिलिमीटर. तेवढ्यासाठी काय काय द्यावं लागतं ते पाहा. चाक पाच टक्के मोठं झालं की स्पीडोमीटर कमी वेग दाखवायला लागतो. काटा १०० वर असेल तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात १०५ ने जात असता. चाक जड झालं की ब्रेकला जास्त अंतर लागतं, उचल मंदावते, डिझेल जास्त जातं. आणि मड-टेरेन टायरवरचे रबराचे मोठे मोठे गठ्ठे चिखलात पकड घ्यायला केलेले असतात. ओल्या डांबरावर आणि सिमेंटवर रबर कमी टेकतं. तुमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस जेव्हीएलआरवर असते. जुलैच्या सकाळी पवईच्या उतारावर पुढचा टेम्पो अचानक थांबला, तर तुम्हाला जी पकड हवी आहे ती या टायरमध्ये नाही. मागच्या सीटवर आई असते, हे विसरू नका.

लिफ्टचंही तसंच. लिफ्टने बॉडी वर जाते, त्यामुळे पुढचा-मागचा कोन आणि पोटाखालची जागा वाढते हे खरं. पण तुमच्या गाडीला मागे सलग अ‍ॅक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा. त्याच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा हा दगड लागण्याचा पहिला मान असलेला भाग, आणि तो लिफ्टने एक मिलिमीटरही वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे लिफ्ट केली की ड्राइव्ह शाफ्टचे (चाकांना जोर पोचवणाऱ्या दांड्यांचे) सांधे कायम तिरके फिरतात आणि लवकर झिजतात. गुरुत्वमध्य वर जातो, घाटातल्या वळणावर गाडी जास्त कलते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. अलाइनमेंट आणि हेडलाइट दोन्ही नव्याने लावून घ्यावे लागतात आणि अनेक गॅरेजवाले दुसरं काम करतच नाहीत. लिफ्टचे पाच आणि टायरचे दोन मिळून गाडीची पायरी सात सेंटिमीटर वर जाईल. घराच्या जिन्याची पायरी पंधरा-सोळा सेंटिमीटरची असते. म्हणजे आईंच्या गुडघ्यांना प्रत्येक वेळी जवळजवळ अर्धी पायरी जास्त, आणि त्या गाडीत बसतात त्या गुडघ्यांच्याच उपचाराला जायला.

लोखंडी बंपरबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: लावू नका. पुढचा मूळ बंपर आणि त्यामागचे भाग ठोकर बसल्यावर चेपत जाऊन धक्का शोषतात, आणि एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर त्या हिशोबाने ठरवतात. पुढे लोखंड आलं की तो हिशोब बिघडतो, आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याच्यासाठी ते जीवघेणं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, ते याच कारणाने. त्याशिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहे. नोंदणीपत्रावरचा तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. मला इथे दंडापेक्षा विम्याची काळजी वाटते. फेरफार विमा कंपनीला कळवलेला नसेल तर अपघातानंतरच्या दाव्यावर प्रश्न उभा राहतो. गॅरेजवाला म्हणेल, "सगळेच करतात." अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर येतो तेव्हा मात्र तिथे तुम्ही एकटे असता.

रूफटॉप तंबूचा मोह मला समजतो. शिडी लावायची, वर चढायचं, खाली साप-विंचू नाहीत, मुलं खूश. पण तंबू साधारण ५० ते ७० किलोचा, रॅक आणखी २५-३० किलोचा. गाडी चालत असताना छत किती वजन पेलू शकतं याचा आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. पैसे देण्याआधी तो शोधा. मग सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगवरची पाटी वाचा, उंची आणि वजन दोन्हींची. तुमची गाडी साधारण १.८६ मीटर उंच आहे. रॅक आणि मिटलेला तंबू धरून ती सव्वादोन मीटरच्या पुढे जाते. कित्येक मॉलच्या तळघराच्या दारात २.१ मीटरची कमान टांगलेली असते. तंबू काढून ठेवायचा म्हटलं तर दोन-तीन माणसं लागतात, आणि काढल्यावर ठेवणार कुठे? मुलुंडच्या फ्लॅटमध्ये पाच माणसांत त्या पेटीला जागा कुठली? म्हणजे तो वर्षभर डोक्यावर राहणार आणि वर्षभर डिझेल खाणार. शिवाय त्यात दोन मोठी आणि दोन लहान माणसं दाटीवाटीने मावतील, पण आईंनी शिडी चढायची नाही, हे तुम्ही ठरवूनच टाकलंय. पत्रात पाचजणांचं कुटुंब आहे आणि यादीत झोपायची सोय चौघांची.

स्नॉर्कलबद्दल एक मुंबईकर म्हणून लिहितो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी लोक गाड्यांमध्ये अडकून दगावले; पाणी चढलं, दारं उघडली नाहीत, काचा उतरल्या नाहीत. स्नॉर्कल इंजिनात जाणारी हवा उंचावरून घेतं, एवढंच. दारांचं कुलूप, वायरिंग, गाडीतली माणसं यांच्यासाठी ते काहीच करत नाही. आणि वाहत्या पाण्यात तर चाकं तळाला टेकायचीच थांबतात: फूटभर वाहतं पाणी लहान गाडी तरंगवू शकतं, दोन फूट पाणी तुमच्यासारखी गाडीही ढकलून नेऊ शकतं. फरशी पुलावरून पाणी वाहतंय आणि खालचा रस्ता दिसत नाहीये, तर गाडी मागे घ्या. स्नॉर्कल असलेला माणूस गाडी पुढे घालतो, ही माझी खरी भीती. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर इंजिन तिथेच मोडतं. काच फोडायची छोटी हातोडी मात्र आजच घ्या, आणि ती डिकीत न ठेवता हाताशी ठेवा. मुंबईत पावसाळ्यात रोज गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे ती असावी.

आता मला ज्यावर जास्त बोलायचं आहे ते.

"ऑफ-रोड" हा शब्द आपण परदेशातल्या वाळवंटांच्या चित्रांवरून घेतला. आपल्या सह्याद्रीत रस्ता सोडला की समोर काय असतं? भाताचं खाचर, वरईची उतरती शेतं, गावाचं गायरान, देवराई, वनखात्याची हद्द, ठाकरवाडीची पायवाट. मोकळी, कुणाचीच नसलेली जमीन इथे नाही. हे मला बऱ्याच वर्षांपूर्वी कळलं. तेव्हा माझ्याकडे जुनी जीप होती, लिफ्ट केलेली, नवेकोरे मड-टेरेन टायर. जव्हारकडे जुलैत एका उतारावरून "वाट दिसतेय" म्हणून आम्ही खाली उतरलो. टायरच्या खाचा लाल मातीने भरल्या, चारही चाकं गुळगुळीत झाली आणि गाडी सरकत जाऊन एका खाचराच्या बांधावर टेकली. बांध फुटला. आवणी, म्हणजे भाताची लावणी, नुकतीच झालेली, साठवलेलं पाणी खालच्या खाचरात धावलं. शेतकरी आले, ट्रॅक्टर आणला, गाडी काढून दिली. आमच्यावर ओरडले नाहीत. बांध कोण घालणार, एवढंच त्यांनी विचारलं. आम्ही तिघांनी दोन तास फावड्याने माती ओढली, तरी त्यांनाच तो पुन्हा नीट घालावा लागला, आणि वाहून गेलेली रोपं तर परत आलीच नाहीत. पैसे दिले, पण त्या माणसाचा त्या वर्षाचा भात आम्ही हौसेखातर तुडवला, हे मी विसरू शकलेलो नाही. लिफ्ट नसती तर मी त्या उतारावर गाडी घातलीच नसती.

कोकणातल्या किनाऱ्याचंही तेच. वाळूवर गाडी घालून पाण्याशेजारी तंबू लावायचा, असं तुमच्या मनात असेल तर तो बेत सोडा. वेळास, आंजर्ले, दिवेआगर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात. घरटी वाळूखाली असतात, वरून दिसत नाहीत. चाकांनी वाळू दाबली जाते, खोल चाकोऱ्यांत अडकलेली इवलीशी पिल्लं समुद्रापर्यंत पोचत नाहीत. शिवाय भरती सहा तासांत चढते आणि रुतलेल्या गाडीला सोडत नाही. अलिबागकडच्या किनाऱ्यांवर लाटांत बुडालेल्या गाड्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. निघाली तरी खारं पाणी ब्रेकमध्ये आणि वायरिंगमध्ये महिनोन्‌महिने काम करत राहतं. गाडी गावात ठेवा, किनाऱ्यावर पायी जा. वेळासला घराघरांत राहायची-जेवायची सोय होते, आईंना खाट मिळते, आणि सकाळी घरट्यातून निघालेली पिल्लं पाण्यात जाताना तुमची मुलगी पाहील.

आणि काजवे. मादी काजवा झुडपात बसलेली असते आणि नराच्या चमकण्याला उत्तर देते. उजेडातच त्यांची सगळी बोलाचाली चालते. त्यात एक हेडलाइट आला की ती तुटते. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याकडे शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, आणि मुलीला जे दाखवायला लोक येतात तेच त्यांच्या दिव्यांनी विझतं. तुमच्या यादीत लाइट बार आहे. तो कशासाठी आहे, हे तुम्ही मुलीलाच समजावून सांगून पाहा.

तर पत्नीला कसं पटवायचं? मला वाटतं, त्यांचं वाक्य तुम्ही गाडीबद्दलचं म्हणून ऐकलंत. "गाडी पाचजणांची आहे" याचा अर्थ त्यांना बाहेर जायचंच नाही, असा होत नाही. तुमच्याच पत्रात आहे की पवन्याला त्यांना रात्रभर झोप लागली नाही. का लागली नाही, हे विचारलंत का? माझा अंदाज सांगतो, चुकला तर सोडून द्या. शौचालय लांब असेल आणि अंधारात एकटीने जायचं असेल. शेजारच्या तंबूत स्पीकर लावून दारू चालली असेल. चार वर्षांच्या मुलाला रात्री ताप आला तर दवाखाना किती लांब, हे माहीत नसेल. या तिन्ही गोष्टींचं उत्तर ४ लाख ६० हजारांच्या यादीत नाही. ते फार स्वस्त आहे: उभा राहणारा छोटा टॉयलेट-तंबू आणि घडीचं कमोड, दहा तंबूंच्या गर्दीऐवजी एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात, त्याला विचारून आणि पैसे देऊन केलेला मुक्काम, आणि जिथे जाल तिथलं जवळचं ग्रामीण रुग्णालय आधीच पाहून ठेवणं.

अजून एक. त्यांच्याकडे लायसन्स आहे, पण "गाडी मोठी म्हणून ती चालवत नाही", असं तुम्ही लिहिता. घाटमाथ्यावर रात्री तुमच्याच पोटात दुखायला लागलं तर गाडी कोण आणणार? मला विचाराल तर तुमच्या गाडीतला पहिला फेरफार हाच: चालवणारी दोन माणसं. इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे. तिथे दोघांनी मिळून एक दिवस काढा. फोर-हाय (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या गिअरमध्ये) कधी, फोर-लो कधी, उतारावर ब्रेक न दाबता इंजिनाच्या जोरावर कसं उतरायचं, चाक हवेत गेलं की काय करायचं, हे कळेल. कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून गाडी वळवली की पुढच्या-मागच्या चाकांचा ताण गिअरमध्ये साठतो आणि महागाचे भाग तुटतात, हेसुद्धा कित्येकांना गाडी घेऊन दोन-तीन वर्षं झाली तरी माहीत नसतं.

खर्च काहीच करू नका, असं मी म्हणत नाही. अंदाजाच्या दहाव्या हिश्श्यात, पंचेचाळीस-पन्नास हजारांत, एवढं सहज येतं: दोन थरांचा जमिनीवरचा चांगला तंबू, पाच जाड गाद्या, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज, गाडीच्या वजनाला पुरेल असा ओढायचा पट्टा आणि तो अडकवायच्या दोन शॅकल कड्या, लहान फावडं, बर्फाची पेटी, शेगडी. फ्रिजची गरज नाही. दोन रात्रींना बर्फ पुरतो. पट्टा नेहमी कंपनीने दिलेल्या हुकलाच अडकवा, टो-बारच्या (ट्रेलर जोडायच्या) गोळ्याला कधीही नको, कारण तो गोळा तुटला की गोळीसारखा उडतो. ओढताना मुलांना लांब उभं करा, आणि पट्ट्याच्या मधोमध ओली चादर टाका म्हणजे तुटला तरी उसळणार नाही.

कॉम्प्रेसरवर माझा विशेष जीव आहे. खडकाळ कच्च्या रस्त्यावर टायरची हवा २५-२६ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर दगडाला कवेत घेतो, पकड वाढते, आतल्या माणसांची हाडं वाचतात. मूळ टायरवरही हे होतं, फुकट. डांबरावर परतलात की हवा पुन्हा भरायची, हे विसरायचं नाही.

सध्याचे टायर झिजतील तेव्हा त्याच मापात ऑल-टेरेन घ्या, भार पेलण्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसलेले. थोडा आवाज येईल, पण शहरात आणि कच्च्या रस्त्यावर दोन्हीकडे ते चालतात. आणि एखाद्या वेळी पोटाखाली दगड घासल्याचा आवाज आलाच तर इंजिन-गिअरबॉक्सखाली धातूची प्लेट लावून घ्या. लिफ्टचा विचार वर्षभर फिरल्यावर करा. तेव्हाही करावासा वाटला तर मला पुन्हा लिहा.

मुक्कामाबद्दल दोन-तीन गोष्टी, ज्या मुलांच्या जिवाशी आहेत. तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी, कोळसा, काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचंही नाही, त्याच कारणाने. सकाळी बूट झटकून घालायचे. कोकणातला लाल विंचू लहान मुलांसाठी फार घातक; महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून त्यावर उपचार उभा केला आणि कितीतरी मुलं वाचली, पण त्यासाठी मूल वेळेत दवाखान्यात पोचावं लागतं. साप चावला तर बांधणं, चिरणं, मांत्रिक काही नको. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन आणि सरळ रुग्णालय. अभयारण्याच्या हद्दीत शेकोटी नाही. पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब शौचाला बसायचं, वीतभर खड्डा करून बुजवायचा, कचरा सगळा मुलुंडला परत आणायचा.

आता वर्षभरात चार रात्री ठरवा. पहिली थंडीत, शहापूर किंवा मुरबाडकडे, घरापासून दोन तासांच्या आत, शौचालय असलेल्या एखाद्या शेतघराच्या अंगणात. काही बिघडलं तर रात्री अकरालाही घरी येता येईल इतकं जवळ. या रात्री आईंना नेऊ नका. दुसरी फेब्रुवारीत वेळासला, आईंसह, घरात मुक्काम. तिसरी मार्चमध्ये भंडारदऱ्याच्या काठी, कुणाच्या तरी जागेत विचारून. चौथी काजव्यांची, शनिवार-रविवार टाळून, मुलीच्या सुट्टीतल्या एखाद्या मंगळवारी.

प्रत्येक खेपेनंतर घरी आल्यावर पत्नीने आणि मुलीने मिळून एका वहीत लिहायचं: काय कमी पडलं, काय उगाच नेलं. तुम्ही त्यात लिहायचं नाही, फक्त वाचायचं.

काजव्यांच्या रात्री गाडी गावाच्या तोंडाशीच लावा आणि आतला दिवाही बंद ठेवा. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने बसवा, तो खाली जमिनीकडे धरा आणि पायी आत जा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात; तेवढा वेळ मुलांना धीर धरायला सांगा. जूनमध्ये परतलात की वहीतली ती यादी मला पाठवा. टायरपासून तंबूपर्यंत काय घ्यायचं, यावर आपण त्या यादीवरून बोलू.